खरेदीच्या भावातच हरलेलं दुकान

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोठी सवलतीची दुकानं, आपलं गाव आणि तिथले कामगार’. कामगारांवर बोलणार आहेच, पण सुरुवात खरेदीच्या भावापासून करतो. या विषयावरची चर्चा विक्रीच्या भावापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तेल स्वस्त, साखर स्वस्त, मग लोक तिकडे जाणारच, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. तो माल त्यांना कितीला पडतो, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे साबण-पावडरीची एजन्सी, म्हणजे कंपनीची वितरकी, होती हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तुमच्यापैकी कित्येकांकडे आमचा टेम्पो यायचा. त्यामुळे हा धंदा कसा चालतो हे फार सांगत बसत नाही. कंपनीला पैसे आधी भरायचे, मग माल येणार. आम्हाला चार-पाच टक्के सुटायचे, दुकानदाराला आठ-दहा. त्या चार-पाच टक्क्यांतून गोडाऊनचं भाडं, डिझेल, सेल्समनचा पगार आणि बुडालेली उधारी. महिनाअखेर क्लोजिंग आलं की साहेबांचा फोन ठरलेला, ‘टार्गेट राहिलंय, आणखी वीस पेट्या उचला.’ उचलाव्या लागायच्या.

एकदा दिवाळीच्या आधी शहरातल्या एका मोठ्या सुपरमार्केटात घरच्या खरेदीसाठी गेलो होतो. बिलाच्या रांगेत माझ्या पुढे कोण, तर आमच्याच लाईनीवरचे किराणा दुकानदार आप्पा. मंगळवारी आमचा सेल्समन पहिल्यांदा ज्यांच्या ओट्यावर बसायचा, ते. त्यांच्या ट्रॉलीत कपडे धुण्याच्या पावडरीची चार पाकिटं. शेजारच्या रांगेत वहिनी, त्यांच्याकडे चार. पलीकडे सूनबाई, तिच्याकडे चार. रॅकवर पाटी होती, ‘एका ग्राहकाला चारच नग.’ आप्पांनी घरच्यांनाच ग्राहक करून आणलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि ट्रॉली पुढे सरकवायला लागले. (हशा) हसू नका, पुढचं ऐका. त्या पाकिटावर छापील किंमत 130. आमच्या बिलाने आप्पांना ते 117 ला पडायचं. इथे रॅकवर 109. म्हणजे तुम्ही-आम्ही गिऱ्हाईक म्हणून ज्या भावाने घेतो, तो भाव दुकानदाराच्या खरेदीपेक्षा आठ रुपयांनी कमी! आप्पा म्हणाले, ‘शेठ, राग मानू नका. तुमच्या गाडीची वाट बघत बसलो तर आठ रुपये अंगावर पडतात.’ राग कसला मानणार? मला ते पाकीट कंपनीकडून 112 च्या आसपास पडत होतं. मीसुद्धा त्याच रांगेत उभं राहून गोडाऊन भरायला पाहिजे होतं.

काउंटरवरची मुलगी आपल्याच पेठेतली. आप्पांना ओळखायची. म्हणाली, ‘काका, पुन्हा रांगेत आलात तरी चालेल, मी आहे रात्री नऊपर्यंत. सकाळपासून उभीच आहे.’ तिच्याबद्दल पुढे बोलणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी एरिया मॅनेजरला फोन केला. उत्तर आलं, ‘मॉडर्न ट्रेडचं, म्हणजे या मोठ्या दुकानांचं, खातं वेगळं आहे, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.’ संबंध कसा नाही? माल तोच, कारखाना तोच, छापील किंमत तीच. शटर उघडायच्या आधीच आप्पा हरलेले, आणि आपण म्हणायचं, ‘किराणावाल्यांना काळाबरोबर बदलता आलं नाही.’ आप्पांनी फ्रिज आणला, क्यूआर कोड लावला, घरपोच माल द्यायला पोरगा ठेवला. खरेदीचा भाव त्यांनी कसा बदलायचा?

मी या दुकानांच्या कष्टाला नावं ठेवत नाही. राधाकिशन दमाणी यांनी 2002 मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान काढलं, आज चारशेच्या वर आहेत. बहुतेक जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. दिखाऊ खर्च नाही. पुरवठादाराचे पैसे दिवसांत चुकते, महिन्यांत नाही. हे सगळं आपल्या बाजारपेठेने शिकण्यासारखं आहे, आणि संसाराला त्या स्वस्ताईचा आधार आहे हेही खरं. दोन पोरांचं शिक्षण चालवणाऱ्या घरात महिन्याच्या किराण्यातून तीन-चारशे रुपये वाचले तर ते मोलाचेच असतात. 2012 मध्ये किरकोळ व्यापारात 51 टक्के परदेशी भांडवलाला परवानगी मिळाली, तेव्हा आपण बाजारपेठ बंद ठेवली होती, आठवतं? मीही होतो. सगळं लक्ष अमेरिकेच्या वॉलमार्टवर होतं. पण आपला भाव ठरत होता देशी कंपन्यांच्या करारांत, आणि तिकडे कुणी पाहिलं नाही.

आता माझा मुद्दा. भरलेला ट्रक एकाच दारात रिकामा होतो, पैसे लगेच मिळतात, उधारी बुडत नाही. त्याने कंपनीचा जेवढा खर्च वाचतो, तेवढी सूट मोठ्या गिऱ्हाईकाला जरूर द्यावी. त्यापेक्षा जास्त दिली तर ती भरपाई कुठून निघते? आप्पांच्या 117 मधून. अमेरिकेत 1936 मध्ये यावर कायदा झाला, रॉबिन्सन-पॅटमन. तेव्हा ए अँड पी नावाची किराण्याची अवाढव्य साखळी होती आणि छोटे दुकानदार आपल्यासारखेच ओरडत होते. कायद्याने सांगितलं, स्पर्धेला मार बसत असेल तर एकच माल दोन व्यापाऱ्यांना वेगळ्या भावाने विकता येणार नाही. खर्चातली खरी बचत दाखवा आणि तेवढाच फरक ठेवा. 1980 नंतर तिथल्या सरकारांनी तो कायदा जवळपास कपाटात ठेवला. जानेवारी 2025 मध्ये पेप्सीवर त्याखाली दावा झाला, मे महिन्यात तो मागेही घेतला. आपल्याकडे 2002 च्या स्पर्धा कायद्यात, कलम 4 मध्ये, भेदभावाच्या किमतीचा उल्लेख आहे, पण तो बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीपुरता. ते वर्चस्व सिद्ध करायला आप्पांनी दिल्लीला, स्पर्धा आयोगापुढे, जायचं का?

एकी केली तर कंपनीला जाब विचारता येतो. घाऊक माल विकणाऱ्या बड्या ऑनलाइन कंपन्यांना आमच्यापेक्षा स्वस्त माल जातो म्हणून देशभरातले वितरक एकत्र आले आणि 1 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाची विक्री थांबवली. वितरकांनी माल विकणार नाही म्हणायचं, हे याआधी मी पाहिलं नव्हतं.

गावाचं काय होतं ते सांगतो. आपल्याकडे उसाचं बिल कारखान्याकडून येईल तेव्हा वही फिटते. तोवर घर दुकानदाराच्या खात्यावर चालतं. पगारदार माणूस एक तारखेला रोख घेऊन सुपरमार्केटला जातो आणि महिनाअखेर दही, बिस्किटं, अर्धा किलो रवा खात्यावर न्यायला आप्पांकडे येतो. रोखीचं गिऱ्हाईक तिकडे, उधारीचं इकडे. वितरकाला कंपनीकडे पैसे आधी भरायचे असतात, त्यामुळे तो दुकानदाराच्या मागे तगादा लावतो. मग दुकानदार उधारी आवळतो, आणि ती आवळली की पहिला मार बसतो ऊसतोड मजुराला, विधवा बाईला, ज्याच्याकडे एक तारीखच नसते त्याला. सुपरमार्केटात त्याचं खातं कोण उघडणार?

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. कामगारांचा भाग उरकतो, खरं तर त्यालाच निम्मा वेळ द्यायचा होता.

नोकऱ्या वाढतात की घटतात? अमेरिकेतले अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. अर्थतज्ज्ञ एमेक बास्कर यांना वॉलमार्ट आल्यावर नोकऱ्या थोड्या वाढलेल्या दिसल्या, पण पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या गेल्या. न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मांडलं की वॉलमार्टमध्ये एक माणूस लागला की त्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, किरकोळ व्यापारातली साधारण 1.4 माणसं कमी होतात. आणि अशा दुकानाला गावाची बांधिलकी नसते. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल या खाणींच्या भागात जानेवारी 2016 मध्ये वॉलमार्टने दुकान बंद केलं, तेव्हा किराण्यासाठी लोकांना लांबच्या गावांना गाडी काढावी लागली.

आता त्या काउंटरवरच्या मुलीकडे येतो. तिचा पीएफ कापला जातो, ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे. आपल्या दुकानातल्या गड्याला यातलं काय आहे? राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून बाहेर ठेवलं, आणि आपण तेवढ्यावर समाधान मानलं. तिच्याकडे नाही ती बसायची जागा. केरळमधल्या कोझिकोडला विजी नावाच्या कार्यकर्तीने कापड दुकानांतल्या बायकांना संघटित केलं, आणि केरळने 2018 मध्ये कायदा बदलून बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने 2021 मध्ये दिला. मोठ्या दुकानांकडे आपण हे मागणारच आहोत.

व्यापारी असोसिएशनचे पदाधिकारी पहिल्या रांगेत आहेत. त्यांना दोन गोष्टी सांगतो. खर्चातल्या बचतीपेक्षा जास्त सूट देऊ नये, असा कायदा मागणारा ठराव या महिन्याच्या सभेत घ्या आणि आमदारांच्या हातात द्या. आणि सभेच्या आधी आपापल्या काउंटरमागे गड्यासाठी स्टूल ठेवा, त्याला आठवड्याची भरपगारी सुट्टी द्या. त्याशिवाय तो ठराव घेऊन मी तुमच्याबरोबर येणार नाही.