रुपयाला अजून किंमत आहे

नमस्कार श्रोतेहो.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटचं चलनी नाणं शेवटचं पाडलं गेलं. तिकडे त्याला पेनी म्हणतात. १७९३ सालापासून ते पाडलं जात होतं. बंद करण्याचं सांगितलेलं कारण हिशेबाचं होतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचं एक नाणं पाडायला ३.६९ सेंट खर्च आला, आणि त्या एका वर्षात अमेरिकी सरकारला त्यापायी साडेआठ कोटी डॉलरची खोट बसली.

अशी बातमी आली की आपल्याकडेही सूर निघतोच: मग आपण तरी रुपयाचं नाणं कशाला पाडत बसलोय? प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. २०१८ साली माहिती अधिकारात जे आकडे बाहेर आले, त्यांनुसार रुपयाचं नाणं पाडायला एक रुपया अकरा पैसे लागत होते. दोनच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाचच्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्याला ५ रुपये ५४ पैसे. म्हणजे रुपयाचा व्यवहार सरकारला आतबट्ट्याचाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायचं की रेडिओ बंद करायचा हे तुम्हाला ठरवता येईल. आठाणे रीतसर बंद करावेत. रुपया मात्र बंद करू नये, निदान इतक्यात तरी.

आधी खर्चाचं बघू. नाणं पाडलं आणि वापरून टाकलं असं होत नाही. स्टीलचं नाणं वीस-पंचवीस वर्षं सहज फिरतं. सकाळी दूधवाल्याकडे, दुपारी भाजीवालीकडे, संध्याकाळी रिक्षावाल्याकडे. त्या सगळ्या फेऱ्यांवर हे अकरा पैसे वाटले, तर हाताशी काहीच लागत नाही. शिवाय चिल्लरचं खातं एकत्रच बघायला हवं. दहाच्या एका नाण्यामागे सरकारला साडेचार रुपये सुटतात, म्हणजे त्यात रुपयाच्या चाळीस नाण्यांची खोट भरून निघते. अमेरिकेनेही खर्च हेच खरं कारण धरलं असतं, तर पाच सेंटचं नाणं आधी बंद केलं असतं. ते पाडायला जवळजवळ चौदा सेंट लागतात, आणि ते अजून चालू आहे.

पेनी गेली ती दुसऱ्याच कारणाने. ती परत येत नव्हती. अमेरिकेत सुमारे तीनशे अब्ज पेनी चलनात आहेत असा तिथल्या सरकारचाच अंदाज आहे. माणशी आठ-नऊशे! तरीही दरवर्षी तीन अब्जांहून जास्त नव्याने पाडाव्या लागत. कारण लोक दुकानातून त्या सुट्या म्हणून घ्यायचे, घरी येऊन बरणीत टाकायचे आणि विसरायचे. खर्च करायला कोणी काढायचंच नाही. टांकसाळ पाडतेय, दुकानदार देतोय आणि बरण्या भरताहेत, असा हा एकाच दिशेचा रस्ता होता.

आणि तिकडे सुटे लागतात ते तरी कशामुळे? अमेरिकेत वस्तूवर लिहिलेली किंमत वेगळी, गल्ल्यावर त्यात विक्रीकर चढतो आणि एकूण आकडा काहीच्या बाहीच होतो. चार डॉलर सदतीस सेंट वगैरे. त्यातला शेवटचा दोन सेंटांचा तुकडा म्हणजे हिशेबातली उरलीसुरली बाकी. एका सेंटला तिथे कुठलीच वस्तू मिळत नाही.

आपल्याकडे रुपयाला मिळते. इथेच सगळा फरक आहे. किराणा दुकानाच्या दाराशी लटकलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आठवा. एक पुडी एक रुपया. गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, तिथेही रुपयाच. राज्यकर्त्यांनाही हा आकडा चांगला कळतो. १९९५ साली युतीचं सरकार आलं ते एका रुपयात झुणका-भाकर देणार म्हणून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि ज्वारी-बाजरीसारखं भरड धान्य एक रुपया किलो असे भाव प्रत्यक्ष कायद्याच्या परिशिष्टात लिहिले होते. पुढे २०२३ पासून ते धान्य मोफत झालं. त्याच वर्षी आपल्या राज्याने एका रुपयात पीक विमा आणला, दोन वर्षांनी गुंडाळलाही. त्या योजना बऱ्या की वाईट, हा आजचा विषय नाही. पण एक रुपया ही किंमत म्हणून लोकांना अजून कळते, हे त्यांतून दिसतं.

अशी किंमत सांगणारं नाणं काढून घेतलं की काय होतं, ते बघायचं तर काडेपेटी हातात घ्या. १९९५ पासून ती आठ आण्यांना होती. २००७ साली रुपयाची झाली. मग चौदा वर्षं भाव हलला नाही. लाकूड महागलं, मेण महागलं, फॉस्फरस महागला, पुठ्ठा महागला, शिवकाशीचे कारखानदार रडकुंडीला आले, पण पेटी रुपयालाच. कारण रुपयाच्या वर जायचं तर पुढची पायरी थेट दोन रुपयांची. सव्वा रुपया कोण देणार आणि चाराणे कोण परत करणार? शेवटी १ डिसेंबर २०२१ पासून ती दोन रुपयांची झाली. एका रात्रीत भाव दुप्पट! त्याची भरपाई म्हणून काड्या छत्तीसच्या पन्नास केल्या. हिशेब करून बघा, काड्या जेमतेम एकोणचाळीस टक्क्यांनी वाढल्या आणि किंमत शंभर टक्क्यांनी.

श्रोतेहो, चलनातलं सगळ्यात लहान नाणं ही बाजाराच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी असते. ती काढली की जिना बुटका होत नाही, पहिलंच पाऊल उंच टाकावं लागतं. आणि खालच्या पायरीवर उभं कोण असतं? महिन्याचं वाणसामान एकदम भरणारा नव्हे. रोजच्या मजुरीतून रोजचं आणणारा, शाम्पूची बाटली परवडत नाही म्हणून पुडी घेणारा. रुपयाची पुडी दोनची झाली तर त्याच्या खर्चात थेट दुपटीने वाढ. तुम्ही-आम्ही मॉलमध्ये आठशे त्रेसष्टचे आठशे पासष्ट दिले तर आपल्याला पत्ताही लागणार नाही.

कोणी म्हणेल, कॅनडाने केलंच की. बरोबर आहे. कॅनडाने २०१२ च्या मे महिन्यात आपलं शेवटचं सेंटचं नाणं पाडलं, २०१३ च्या फेब्रुवारीपासून ते बँकांना देणं थांबवलं आणि साधा नियम केला. रोखीत बिल भरलं तर एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांच्या पटीत आणायची, कार्डाने भरलं तर जशीच्या तशी. व्यवस्थित पार पडलं. अमेरिकेने मात्र नाणं आधी थांबवलं, पण रोखीचं बिल कसं पूर्णांकात आणायचं याचा देशभरासाठी एक कायदा केलाच नव्हता, त्यामुळे दुकानदारांचा गोंधळ उडाला. अशा पूर्णांकाची सवय आपल्यालाही आहे. महावितरणच्या बिलावर ‘पूर्णांक देयक’ असा रकाना असतो. जीएसटीच्या कायद्यात १७० वं कलम आहे, त्यानुसार पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. पण हे सगळं बेरजेला चालतं. दहा वस्तू घेतल्या, बेरीज झाली, वरखाली दोन रुपये झाले, चालेल. एकच पुडी घेणाऱ्याची बेरीज कसली?

आणि रोखीत पूर्णांक करताना आकडा कुठल्या बाजूला झुकतो, हे आपल्यापैकी कोणाला शिकवायला नको. सुटे नाहीत म्हणून हातात टेकवलेलं चॉकलेट आपण सगळ्यांनी खाल्लंय. ते चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात रुपया म्हणून देऊन बघा!

एसटीचंच घ्या. सुट्यांवरून कंडक्टर आणि प्रवासी यांची रोजची हुज्जत टाळायची म्हणून २०१८ च्या भाडेवाढीत तिकिटं पाचच्या पटीत केली. सात रुपयांचं तिकीट पाचला, आठचं दहाला. इथे निदान नियम दोन्ही बाजूंनी होता. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा भाडेवाढ झाली, आकडे पुन्हा रुपयाच्या पटीत गेले आणि हुज्जतही परत आली. मुंबईत बेस्टचं वातानुकूलित बसचं किमान भाडं २०१९ पासून सहा रुपये होतं. पाचचं नाणं घेऊन चढलेला माणूस एका रुपयासाठी अडायचा. आता ते बारा रुपये आहे. यूपीआयने बराच भार हलका केला, हे खरंच. पण संध्याकाळी गर्दीच्या बसमध्ये एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात पिशवी, नेटवर्क गेलेलं, अशा वेळी खिशातला रुपयाच लवकर निघतो.

आता रुपयाच्या नाण्याबद्दल माझी खरी तक्रार. ते बंद करण्यापेक्षा एका जागी स्थिर राहू द्या! १९९२ चं स्टीलचं नाणं पंचवीस मिलिमीटर रुंद होतं. २०११ साली ते बावीसचं झालं आणि २०१९ साली वीसचं. धातू वाचवायचा, दुसरं काय! तिन्ही नाणी अजून चलनात आहेत. आता गंमत बघा. २०१९ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं बरोबर पंचवीस मिलिमीटरचं, म्हणजे जुन्या रुपयाएवढंच. आणि नवा रुपया २०११ च्या मालिकेतल्या आठाण्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटरने मोठा. तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघून ओळखू. जे बोटांनी चाचपून पैसे मोजतात, त्यांनी काय करायचं? टांकसाळीत धातूचे थोडे पैसे वाचले आणि त्यांची रोज फसगत होण्याची सोय झाली.

राहिले आठाणे. १९५७ च्या १ एप्रिलला आपण आणे-पै सोडून शंभर पैशांचा रुपया केला. मग महागाईमागे धावत एक पैसा ॲल्युमिनियमचा झाला, दोन पैशांचं कातरकडेचं नाणंही ॲल्युमिनियमचं झालं, तीन पैशांचं षट्‌कोनी आलं आणि एकेक करून सगळी पूजेच्या तबकात जाऊन बसली. ३० जून २०११ पासून चाराणे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्याने बंद झाली. फारसं कोणाला जड गेलं नाही, कारण चार आण्यांना तोवर काहीच मिळत नव्हतं. भटजींची सव्वा रुपया दक्षिणा तेवढी अडचणीत आली. पण ती अकरा रुपयांवर गेली, कोणी तक्रार केली नाही.

आठाण्यांची आज तीच गत आहे. कायद्याने चालतात, बाजारात चालत नाहीत. रिझर्व्ह बँक अधूनमधून पत्रक काढते की आठाणे वैध आहेत, दुकानदार ते वाचत नाही आणि गिऱ्हाईक वाद घालत नाही. चालत नसलेलं नाणं कागदावर जिवंत ठेवल्याने उलट वैध नाण्यांबद्दलच शंका फैलावते. दहा रुपयांचं धडधाकट नाणं नाकारणारे दुकानदार आपल्याकडे कमी नाहीत. आठाण्यांसाठी २०११ सारखंच करावं: सहा महिने आधी तारीख जाहीर करावी, तोवर बँकांनी ती पूर्ण किमतीला बदलून द्यावीत, आणि खातं मिटवावं.

तोपर्यंत तुमच्या घरात डब्यात आठाणे पडून असतील तर एवढं लक्षात ठेवा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठाण्यांत देता येते, म्हणजे वीस नाणी. रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांची मर्यादा हजार रुपयांची आहे. दुकानात नाही घेतली तर बँकेत न्या.

नमस्कार.