बॅटरी नंतर, आधी प्लेट

पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या स्पोर्ट्स कारला बॅटरी कोणती?’ बॅटरीकडे येतोच. पण मंडळी, घरी इलेक्ट्रिक करायला काढलेली गाडी अडते ती मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या चार बोटं जागेत, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या प्लेटवर.

समजा, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आहे. फायबरची बॉडी, दोन सीट. इंजिन उतरवायच्या आधी चारही चाकांखाली प्लॅटफॉर्म काटे ठेवून वजन लिहून घ्या. उसाचा काटा नको. हसू नका, काटामारीचं म्हणत नाहीये; त्या काट्यावर पाच-दहा किलोचा फरक कळत नाही, एवढंच.

आता प्लेट. १६ ते २० मिमी जाडीचं अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं घंटेच्या आकाराचं तोंड. लोक बोल्टची भोकं कागदावर छापून घेतात आणि त्यावरून सेंटर काढतात. इथेच घोळ होतो. बोल्टच्या भोकांत ढिलाई ठेवलेलीच असते. जागा ठरवतात त्या डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंट्या. माप पिनांवरूनच घ्यायचं. प्लेट बेलहाउसिंगवर बसवा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) बांधा, शाफ्ट हाताने फिरवा आणि प्लेटच्या मधल्या बोअरवर (गोल भोकावर) गेजचा काटा बघा. पूर्ण फेऱ्यात ०.१ मिमीच्या वर हलला तर प्लेट परत मशीनवर. ‘चालतंय की’ म्हणून पुढे गेलात तर आधी गुणगुण येते, मग बेअरिंग जातं, मग स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) खाल्ली जाते.

मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडणाऱ्या कपलरसाठी जुन्या क्लचप्लेटमधला स्प्लाइनचा हब कापून घेतात. वेल्डिंगने तो वाकतो, म्हणून आधी वेल्ड, आणि शेवटचा बोअर त्यानंतर, स्प्लाइनवरून सेंटर धरून. यंत्रमागाचे शाफ्ट करणाऱ्या आपल्या लेथवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. फक्त घाई करू नका. शाफ्टच्या टोकाशी १-२ मिमी मोकळं ठेवा, नाहीतर सगळा दाब मोटरच्या बेअरिंगवर. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) टोकाला इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग असतं. इंजिनाबरोबर तेही जातं आणि शाफ्टचं टोक अधांतरी डोलतं. ते बेअरिंग कपलरमध्ये पुन्हा बसवायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, बॅटरी. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, घ्या. ३.२ व्होल्टचे १०० अँपिअर-अवरचे ४५ सेल ओळीने जोडले की १४४ व्होल्ट, १४.४ किलोवॅट-अवर. भरल्यावर सेलमागे ३.६५ धरून १६४ व्होल्ट. मोटरला वीज देणारा कंट्रोलर तेवढं सोसणारा हवा. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटने साधारण पाच तास. आपल्याकडे मे महिन्यात चार्जिंग पहाटे. तापलेल्या सेलमध्ये वीज भरली की आयुष्य घटतं.

मेन काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा मोठा स्विच, थेट ओढू नका. कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर एकदम इतका करंट घेतात की काँटॅक्ट चिकटून बसतात. आधी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून एक-दोन सेकंद भरू द्या. फ्यूज डीसीचाच, घरातल्या एमसीबीला डीसीची ठिणगी विझवता येईलच असं नाही. इंजिनाचा व्हॅक्यूम गेला म्हणून ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम पंप, अल्टरनेटरच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर. वजन पुन्हा करा, स्प्रिंग त्यानुसार.

कायद्याचं विचारलंत. रस्त्यावर आणायची तर किट एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मंजूर झालेलं लागतं. अशा चाचण्या पुण्याला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत होतात. मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची. तोवर गाडी आवारातच फिरवा.