उपकेंद्राची चावी किराणा दुकानात

इथं नाशिकात बोलायला मला विषय दिलाय शासनाच्या आरोग्य योजना. योजनांची यादी मी काही वाचणार नाहीये, ती तुमच्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत येतेच. मी 31 वर्षं नर्सबाई म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पेठ-सुरगाण्याकडे, त्यामुळे जे बघितलं तेच सांगते, जरा इकडेतिकडे जाईल, सांभाळून घ्या.

पेठ तालुक्यात माझ्याकडे एक उपकेंद्र, म्हणजे गावातला सगळ्यात छोटा सरकारी दवाखाना, होतं आणि शेजारच्याचा ॲडिशनल चार्ज. शेजारचं एकदम नवंकोरं, टाइल्स काय, वेगळी डिलिव्हरी रूम काय, मागे क्वार्टरसुद्धा. फक्त पोस्ट मंजूर नव्हती. मी आठवड्यातून दोनदा जायचे, बाकी दिवस चावी समोरच्या किराणा दुकानात. एकदा भर पावसात एका बाईला कळा सुरू झाल्या, घरच्यांनी तिला तिथं आणली, बिल्डिंग चकाचक दिसली की माणसाला वाटणारच ना आत कोणीतरी असेल म्हणून, तर कुलूप. दुकानदाराने दार उघडून दिलं, मला निरोप धाडला, आणि मी चिखल तुडवत पोचेपर्यंत त्याच्या आईने आणि गावच्या सुईणीने टॉर्चवर बाळंतपण उरकलेलं होतं. टॉर्च का, तर लाइटचा मीटरच बसला नव्हता. मायलेक सुखरूप होती म्हणून आज हसत सांगतेय, नाहीतर काय सांगितलं असतं.

आता हे कुणाचं चुकलं असं विचारलं तर कागदावर कुणाचंच नाही. बिल्डिंगचा पैसा जिल्हा नियोजनमधून येतो, ते ठरतं इथं सीबीएस स्टँडजवळ कलेक्टर ऑफिसात. सिस्टरची पोस्ट मंजूर होते मुंबईत, फायनान्सवाल्यांनी मान डोलावली तर. मीटरचं बिल तिसऱ्याच हेडला. तिन्ही फायली आपापल्या जागी बरोबर असतात हो, पण त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. आणि बिल्डिंगला भूमिपूजन असतं, नारळ असतो, फोटो असतो. पोस्ट भरली म्हणून कुठे नारळ फुटलेला मी तरी बघितला नाही.

जिल्हा नियोजन समिती ही आपल्याला वाटतं पालकमंत्र्यांची मीटिंग. तसं नाहीये. 74 व्या घटनादुरुस्तीने ती आली, आपल्याकडे 1998 चा कायदा आहे, आणि तिच्यात पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महापालिकेतून निवडून आलेल्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. म्हणजे पेठच्या बाईचं गाऱ्हाणं तिथं मांडायला कोणीतरी असावं हा हेतू. पण मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसले, महापालिकेतही तेच, मग तेव्हा मांडणार कोण होतं? त्यात जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडला स्थगिती. पालकमंत्रीच समितीचा अध्यक्ष, म्हणजे तेव्हा आपल्याला सिंहस्थाची घाई आणि समितीला अध्यक्षाचाच पत्ता नव्हता.

बरं, पैसा कमी पडतो का? मला तर वाटतं पडतो त्यापेक्षा जास्त अडकतो. एक शब्द लक्षात ठेवा, दायित्व, म्हणजे जुन्या कामांचं राहिलेलं देणं. समजा आरोग्याला यंदा 10 कोटी दिले आणि जुन्या अर्धवट कामांचे 4 कोटी देणं बाकी आहे, तर उरले 6. जिल्हा परिषदेला खर्चायला दोन वर्षं मिळतात म्हणून त्या सहाच्या दीडपट, म्हणजे 9 कोटींची नवीन कामं धरायची. हिशोब वाईट नाहीये. पण प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश, यात सात-आठ महिने गेले की मार्च उजाडतो, पुढच्या वर्षीचं दायित्व फुगतं आणि नवीन कामाला जागाच राहत नाही. तुम्हाला फेब्रुवारी-मार्चमध्येच रस्ते का खोदलेले दिसतात ते आता कळलं असेल.

माणसांचं गणितही जुनंच. नियम असा, सपाटीला 30,000 लोकांमागे एक पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात 20,000 मागे. उपकेंद्र 5,000 आणि 3,000 ला. पण मोजलेली माणसं कधीची? 2011 च्या जनगणनेतली, तेव्हा जिल्हा 61 लाख होता. त्यानंतर आपल्या शहराच्या कडेचा पाथर्डी फाटा कुठून कुठे वाढत गेला तुम्हीच बघताय. आणि आदिवासी भागात तर लोकसंख्येचा निकषच मला कधी पटला नाही, तिथं डोंगर मोजा, नदी मोजा, चार महिने पाड्यावर जीप जाते का ते मोजा. 2022 च्या अखेरीला सुरगाण्याच्या सीमेवरची गावं म्हणाली आम्हाला गुजरातमध्ये टाका, तेव्हा इथं लोक चिडले, अस्मिता वगैरे. मला नाही राग आला. माझे पेशंट आधीपासूनच धरमपूरला जायचे, जवळ पडायचं आणि डॉक्टर भेटायचा.

चांगलं पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडते. 15 ऑगस्ट 2023 पासून सिव्हिलला, आपल्या शालिमारच्या संदर्भ हॉस्पिटलला, ग्रामीण रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं फुकट झालं, हे खरंच मोठं काम. महापालिकेचे दवाखाने त्यात नाहीत, खातं वेगळं, त्यामुळे तिथं जाऊन खिडकीवरच्या पोरीशी भांडू नका. दुसरं म्हणजे पेसाच्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना हक्क देणाऱ्या कायद्याखालच्या, गावांना आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के पैसा थेट ग्रामपंचायतीला येतो, आणि तो आरोग्यावर वापरता येतो. मीटर त्यातून बसू शकतो! आमच्या वेळी हे असतं तर.

मागच्या महिन्यात एका लग्नाला त्या गावी गेले होते. उपकेंद्रात आता सिस्टर आहे, कंत्राटी, पण राहते तिथंच. मला ओळखत नव्हती, म्हणाली, मावशी, बीपी चेक करायचंय का? म्हटलं कर. थोडं जास्तच निघालं. दुकान अजून आहे समोर, तो दुकानदार म्हातारा झालाय, मला बघून आधी गल्ल्याखालून चावी काढून दाखवली. का ठेवलीय अजून विचारलं तर म्हणे, हिची ऑर्डर अकरा महिन्यांचीच असते ना.