आपल्याले काय लपवाचं आहे?

नागपूर. सीताबर्डी, व्हरायटी चौक. मान वर करा, खांबावर कॅमेरा दिसेल. शहरात असे तीन हजारांहून जास्त आहेत. खाली मे महिन्याचं ऊन, आणि स्कूटीवरची मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळून सिग्नलला उभी. दुपट्टा उन्हासाठी बांधलाय. कॅमेऱ्याची तेवढीच पंचाईत!

पानठेल्यावर विषय काढला, तर काका म्हणाले, "आपल्याले काय लपवाचं आहे बाप्पा? पाहू दे ना सरकारले."

खोटं नाही. कॅमेऱ्यामुळे चोर सापडतात. हेल्मेट नसलं की चलानही येतं.

मी म्हटलं, काका, मतदानाच्या खोलीतला तो पुठ्ठा आठवतो? त्याच्या आड तुम्ही काही गुन्हा करत नाही. पण पुठ्ठा काढला आणि बाजूला साहेब उभा केला, तर बोट त्याच बटणावर जाईल?

काका चुना लावत राहिले.

याच शहरात महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. झाडू मारणारी बाई कुठल्या गल्लीत आहे, ते दूरच्या पडद्यावर दिसू लागलं. समजा, तिला लघवीला जायचंय. जवळ संडास नाही, नेमून दिलेली गल्ली सोडावी लागते. पडद्याला कळतं एवढंच: बाई जागेवर नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्या नवांतले शरद बोबडे आपल्या नागपूरचेच. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. म्हणजे कुलूप लावलं, किल्ली दारालाच ठेवली.

फोन ऐकायचा तर एरवी निदान गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. चौकात चेहरा टिपायला तेवढाही कागद लागत नाही.

म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. चित्रण किती दिवस ठेवता? ते कोण पाहतं? चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलंय का?

काकांनी अर्ज पूर्ण वाचला. "बराबर इचारलं," म्हणाले.

"मग तुमच्या नावानं टाकू?"

त्यांनी एकदा खांबाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माह्यं नाव टाकनं जरुरी आहे का?"