मागे सरणाऱ्या पाण्याचा धक्का

तापीवरचे उकाई धरण १९७२ साली गुजरातेत पूर्ण झाले, पण त्याचा फुगवटा नंदुरबार आणि नवापूर तालुक्यांत शिरला. खानदेशाला समुद्र नाही. तरी या काठावर होड्या आहेत, जाळी आहेत, मासळी उचलणारे व्यापारी आहेत. त्यांच्यासाठी मासळी उतरवायची जागा आखताना मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदराचा नकाशा उचलून येथे ठेवता येत नाही.

समुद्राच्या भरतीला पाणी चढते, ओहोटीला उतरते, आणि धक्क्याची उभी भिंत ते झेलते. येथे जलाशय पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत मागे सरत राहतो. काठाचा उतार पन्नासाला एक असेल, तर पातळी ३ मीटर उतरताच पाण्याची कड १५० मीटर दूर जाते, आणि तेवढे अंतर मासळीचे क्रेट डोक्यावर घेऊन चिखलातून यावे लागते. म्हणून लिलावाची शेड, बर्फाची खोली आणि जाळ्यांच्या खोल्या पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे जलाशय पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर येते त्या समुद्रसपाटीपासून १०५.१६ मीटर उंचीच्या, वर बांधाव्यात. खाली उतरावा तो फक्त खडबडीत काँक्रीटचा उतार, पाण्याच्या मागे जितका नेता येईल तितका.

वाहनतळ बहुतेक आराखड्यांत उरलेल्या कोपऱ्यात ढकललेला दिसतो. चारचाकीला अडीच बाय पाच मीटरचा चौकोन पुरतो हे खरे, पण वळायची वाट धरली की जागा जवळजवळ दुप्पट लागते, आणि व्यापाऱ्यांचे पिकअप व ‘छोटा हत्ती’ टेम्पो सकाळच्या एकाच तासात येतात. त्यांच्याही आधी बर्फाची गाडी आत यायला हवी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा जेवढी मासळी तेवढाच बर्फ लागतो. ती गाडी मोटारसायकलींच्या गर्दीत अडकली, तर कटला-रोहूचा भाव लिलावाआधीच पडतो. तिला स्वतंत्र फाटक द्यावे आणि गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा बांधावा. मासळी पाण्याच्या बाजूने शेडमध्ये यावी आणि विकली गेलेली रस्त्याच्या बाजूने जावी. सावलीसाठी कडुनिंब वाहनतळावर लावावेत, शेडवर नकोत. फांद्यांवरचे बगळे काय करतात ते लिलाव करणाऱ्याला विचारावे.

जाळी वाळवायची आणि विणायची जागा मात्र नकाशावर नावानिशी दाखवावी. नुसते ‘मोकळी जागा’ लिहिले, तर पहिल्याच हंगामात तेथे गाड्या उभ्या राहतात.