आधी टाके बघा, मग लेबल वाचा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत जुन्या टी-शर्टांना आज चांगली किंमत मिळते, आणि शर्ट कोणत्या सालचा हे बघायला हौशी मंडळी आधी गळ्यामागचं बोटभर लेबल उलटतात. आपल्याकडेही काका-मामांनी तिकडून आणलेले शर्ट ट्रंकेत पडलेले असतात. ते कधीचे, हे ओळखायचं कसं?

अमुक टक्के कॉटन, अमुक टक्के पॉलिएस्टर असं छापलेलं असेल, तर शर्ट बहुधा १९६० नंतरचा. कापडात कोणता धागा किती हे छापायला लावणारा तिथला कायदा त्या साली लागू झाला. कसं धुवावं हे शब्दांत लिहिलेलं असेल, तर बहुधा १९७२ नंतरचा. आणि शब्द जाऊन नुसती टबाची, इस्त्रीची चिन्हं आली असतील, तर १९९७ नंतरचा. पुन्हा सांगतो: सूत १९६०, धुणं १९७२, चिन्हं १९९७.

शिवाय ‘आरएन’ या अक्षरांपुढे एक आकडा असतो. तो कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक. ही मालिका १९५९ साली १३६७० पासून सुरू झाली. ‘फ्रूट ऑफ द लूम’चा क्रमांक १३७६५, म्हणजे अगदी सुरुवातीचा, पण तोच क्रमांक पुढे कित्येक दशकं लेबलांवर येत राहिला. तेव्हा आकडा कंपनीचा, शर्टाचा नव्हे.

आता गिरगावातली गोष्ट ऐका. माझे धाकटे मामा १९८२ साली अमेरिकेहून आले ते थोरल्या मामेभावासाठी एक टी-शर्ट घेऊन. त्याच्याहून लहान भावाला काहीच नाही. त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. दोन दिवसांनी त्यालाही एक शर्ट मिळाला, गळ्यामागे अमेरिकेचं लेबल असलेला. तो खूश, सगळे खूश.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामीने जुने कपडे काढले आणि बोहारीण दारात येऊन बसली. पातेलं मोठं द्यायचं की मधलं, यावर नेहमीसारखी घासाघीस चालली होती. ते दोन्ही शर्ट तिच्या हातात आले. तिने एकाचा गळा उलटला, अंगठ्याने लेबल चाचपलं, मग दुसऱ्याचा उलटला. म्हणाली, “भाभी, ह्याचं लेबल त्या शर्टाचं आहे.”

आम्ही वाकून पाहिलं. थोरल्याच्या शर्टाला लेबलच नव्हतं. तिथे कापडावर सुईच्या भोकांची बारीक ओळ राहिली होती. धाकट्याच्या शर्टाला लेबल होतं, पण गळ्याची टीप पांढऱ्या दोऱ्याची, मशीनची, आणि लेबलाचे टाके निळ्या दोऱ्याचे, हातशिलाईचे, एकसारखे. आतून आजी म्हणाली, “तो दोरा माझा. पोरगं जेवत नव्हतं.” शर्ट तिने दादरहून आणला होता आणि रात्री सगळे निजल्यावर लेबल उसवून त्याला लावलं होतं. मामीने दोन्ही शर्ट परत घेतले आणि मधल्या पातेल्यावर सौदा मिटवला.

असे टाके आता कोण घालतं? शाळेत मुलामुलींना, दोघांनाही, हातशिलाई शिकवलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बटण तुटलं म्हणून शर्ट टाकून देणारी माणसं मला बघवत नाहीत.

असो. तर आधी टाके बघा, मग लेबल वाचा. लेबलाचा दोरा आणि गळ्याचा दोरा जुळतो का? आजूबाजूला जुनी भोकं आहेत का? लेबल खरं असलं तरी ते त्याच शर्टाचं असेल असं नाही.

‘हेन्स’ या अमेरिकी कंपनीने २००२ साली शिवलेलं लेबल काढून मजकूर थेट कापडावर छापलेले शर्ट आणले. टोचत नाही हे खरं, पण धुऊन धुऊन तो मजकूर पुसट होतो. आणि छातीवरच्या चित्राखाली साल छापलेलं असेल, तर ते चित्राच्या कॉपीराइटचं साल. शर्ट नंतर कधीही छापलेला असू शकतो. नमस्कार.