पोट दिसायला आणि पोट कामाला

[कमाटीबाग, सकाळची वेळ]

बडोद्यात सकाळी कमाटीबागेत या. कमरेला घामाचा पट्टा आवळून चालणारे एखादे काका भेटतीलच. पट्टा सोडून वजन केलं की काटा थोडा खाली दिसतो, घरी जाऊन पाणी प्यायलं की पुन्हा वर. गेलं होतं ते पाणीच. चरबी घामावाटे निघत नाही.

‘रोज शंभर क्रंचेस मार, पोट जाईल’ हा सल्लाही सगळ्यांनी ऐकलेला. क्रंचेस म्हणजे उताणं पडून, गुडघे वाकवून डोकं-खांदे वर उचलणं. 2011 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तो 24 जणांवर तपासल्याचं प्रसिद्ध झालं. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम केले. शेवटी त्यांना क्रंचेस जास्त मारता येऊ लागले, पण पोटाची चरबी काही हलली नाही. प्रयोग लहान होता, पण कारण समजण्यासारखं आहे. शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, राबणाऱ्या स्नायूशेजारची वेगळी निवडून नाही.

आणि ते सिक्स पॅक? बरगड्यांपासून खाली जाणाऱ्या उभ्या स्नायूवर आडव्या कंडरा असतात, त्याचे ते कप्पे. कुणाला चार, कुणाला सहा, कुणाला आठ. ते जन्मतःच ठरतं. जिमची फी भरून कप्पा वाढत नाही.

[दोन बोटं पोटावर, जवळून]

खरा कामाचा स्नायू आत दडलेला. कमरेच्या पुढच्या हाडापासून जरा बेंबीकडे दोन बोटं रोवा आणि खोका. बोटांखाली टणक झालं? त्या आवळण्यात कमरेभोवती आडवा गुंडाळलेला, सगळ्यात आतला स्नायूही सामील असतो. गॅसची टाकी उचलताना तोही पाठीला आधार देतो.

[दांडिया बाजार]

हे जुम्मादादा व्यायाम मंदिर, राजरत्न माणिकरावांचं. मल्लखांबाचा खेळाडू एरंडेल लावलेल्या खांबावर उलटा होऊन मांड्यांनी पकड घेतो, तेव्हा त्याचं अख्खं पोट कामाला लागतं. त्याला वेगळा ‘पोटाचा व्यायाम’ लागत नाही.

आपल्याला खांब नको. पाठीचे कॅनडातले अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल तीन साधे प्रकार सांगतात. कमरेखाली हात ठेवून डोकं-खांदे किंचित उचलणं, एका कोपरावर कुशीवर तोलणं, आणि रांगत्या स्थितीत उजवा हात व डावा पाय लांबवणं, मग बाजू बदलून. प्रत्येक वेळी दहाच सेकंद, श्वास चालू ठेवून.

खाण्याचं म्हणाल, तर मध-लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही. एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण 60 कॅलरी, एवढंच. आणि शेव-उसळ सोडायची म्हणून उसळीला का शिक्षा? वाटाण्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत. हात आखडायचा तो शेवेवर आणि वरून मागितलेल्या तर्रीवर.

हर्निया असेल, किंवा बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले असतील, तर मात्र व्हिडिओ बघून सुरू करू नका. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.